आठ बावन्नचा अर्थसंकल्प

माझ्या याद्या भूतकाळात असतात. 'दूध आणायचे' असं मी लिहीत नाही. 'दूध आणले' असं लिहिते आणि मग ते खरं करायला निघते.

ही सवय नोकरीतली. हडपसरच्या एका छोट्या कारखान्याचं कार्यालय मी सत्तावीस वर्षं सांभाळते आहे. सुरुवातीला मी फळ्यावर 'ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करायचा' असं लिहायची आणि ते वाक्य आठवडाभर तिथे सुखाने नांदायचं. एक दिवस वैतागून 'ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला' असं लिहिलं. तासाभरात तिघांनी येऊन विचारलं, "मॅडम, कोणी केला?" कोणीच केलेला नाही हे कळल्यावर त्यातल्या एकाने ओशाळून केला. तेव्हापासून माझ्या वहीत सगळं झालेलंच असतं, पुढे बरोबरची खूण तेवढी करायची राहिलेली असते.

याच पद्धतीने माझी पदवी जवळजवळ बुडवली होती. पद्धत तरीही चांगली आहे.

पदवीचं असं, की बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असताना मी सहा महिन्यांसाठी म्हणून ती नोकरी धरली. ते सहा महिने अजून संपलेले नाहीत. गेल्या वर्षी कॉलेजच्या सूचनाफलकाचा फोटो कोणीतरी पाठवला: जुन्या अभ्यासक्रमाचं तिसरं वर्ष राहिलेल्यांना ही शेवटची संधी, यानंतर पहिल्या वर्षापासून सुरुवात. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिलं वर्ष पुन्हा करायची माझी तयारी नव्हती, म्हणून तिसरं करायचं ठरवलं. विषय अर्थशास्त्र. आमच्या मॅडम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला ताई म्हणतात आणि वर्गातली पोरं काकू म्हणतात. एका तासाला तीन वयं पुरतात.

मॅडमनी अंतर्गत गुणांसाठी एक प्रकार ठेवला होता. देशाचा अर्थसंकल्प ज्या दिवशी मांडला जातो, त्याच दिवशी दुपारी तीन वाजता प्रत्येकाने त्यावर आठ मिनिटं बोलायचं. वीस गुण, पास व्हायला आठ. पास झालं की मॅडम परीक्षेच्या अर्जावर सही करणार आणि तो अर्ज खाली ऑफिसच्या खिडकीत द्यायचा. माझ्या नशिबाने अर्जाची शेवटची तारीखही तीच होती, वेळ संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे त्या दुपारी मी नापास झाले असते, तर सही नाही, अर्ज नाही, परीक्षा नाही आणि पदवीही नाही.

अर्थमंत्र्यांचं भाषण सकाळी अकराला आणि माझं तीनला. मधल्या वेळात ऐका, समजून घ्या, लिहा, हडपसरहून कॉलेजात पोहोचा. हे आखणीत बसत नव्हतं. म्हणून मी आदल्या दिवशीच अर्थसंकल्प लिहून टाकला.

अंदाजाने, अर्थातच. चार दिवस वर्तमानपत्रं वाचून अकरा मुद्दे काढले आणि माझ्या पद्धतीने सगळे झालेलेच लिहिले. ज्येष्ठ नागरिकांना दिलासा देण्यात आला. नोकरदारांची करातून काही प्रमाणात सुटका झाली. सहावा मुद्दा शेतीचा हवा, म्हणून 'रोपवाटिकांना विशेष सवलत जाहीर करण्यात आली' असं लिहिलं, कारण आदल्या रविवारी सोलापूर रस्त्याने जाताना रोपवाटिका दिसल्या होत्या. नववा मुद्दा महागाईचा. दरवर्षी काहीतरी महाग होतंच. काही सुचेना, तेव्हा जागा धरून ठेवायला 'छत्र्या महागल्या' असं लिहिलं. अकरा वाजता टीव्हीसमोर बसायचं, जे खरं निघेल त्यावर खूण करायची, खोटं निघेल ते खोडून खरं लिहायचं. बेत इतका सुबक होता की मला स्वतःचा हेवा वाटला.

सकाळी ते अकरा मुद्दे मी मोबाईलवर टाईप केले आणि स्वतःला पाठवले. मोबाईलवर माझा एक गट आहे, त्यात मी एकटीच आहे. गट करायला दुसरं माणूस लागतं, म्हणून आधी नवऱ्याला घेतलं आणि मग काढून टाकलं. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. तर आठ वाजून बावन्न मिनिटांनी मी ते पाठवलं आणि आंघोळीला गेले. बाहेर आले, तर दारावरची बेल कोणीतरी दाबून धरलेली.

दारात शेजारच्या इमारतीतले काका होते. बँकेतून निवृत्त झालेले, एरवी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबणारे. आज थांबलेले दिसत नव्हते.

"फुटला ना?" ते म्हणाले.

"पाइप?" मी विचारलं. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमच्याकडे फुटतो तो पाइपच.

"अहो, अर्थसंकल्प! तुम्हीच टाकलात ना ग्रुपवर? ज्येष्ठांना दिलासा. कमाल आहे बाई तुमची. भाषणाला दोन तास आहेत अजून."

मी मोबाईल उघडला. माझा एकटीचा गट रिकामा होता आणि सोसायटीच्या गटावर, सव्वाशे माणसांसमोर, देशाचा अर्थसंकल्प मांडून झालेला होता. वर काही नाही, खाली काही नाही, नुसते एक ते अकरा मुद्दे, माझ्या नावाने.

"काका, तो अंदाज आहे. चुकून गेला."

"अंदाज? 'देण्यात आला' असं लिहिलंय."

"मी तसंच लिहिते."

"हं," काका म्हणाले. त्यांनी जिन्यात वरखाली पाहिलं आणि आवाज उतरवला. "मी कोणाला सांगत नाही."

मी तो मजकूर ताबडतोब सगळ्यांसाठी पुसून टाकला. इथे माझं चुकलं. पाच मिनिटांत काकांचा संदेश आला: 'काढायला लावला ना? म्हणजे पक्का.' मग मी रीतसर खुलासा टाकला, की सदर मजकूर हा माझ्या अभ्यासाचा भाग असून काल्पनिक आहे. त्याच्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं, 'असं म्हणावंच लागतं.' त्यांच्याखाली सतरा जणांनी हात जोडले.

"लोक विश्वास का ठेवतायत?" मी नवऱ्याला विचारलं.

ते चहात बिस्किट बुडवत होते. "तीन वर्षं तू ग्रुपवर लिहितेस, गुरुवारी पाणी येणार नाही. आणि येत नाही. दुसऱ्या कोणाचा एवढा रेकॉर्ड आहे का?"

"अहो, पण पाणी वेगळं आणि..."

"अगं, एवढी वर्षं खरं बोललीस, ती शिक्षा भोग आता."

साडेनऊला बंगळुरूहून मुलीचा फोन आला. ती तिथे नोकरी करते आणि सकाळी तिचा फोन म्हणजे काहीतरी गंभीर. "आई, बजेट लीक झालंय! ऑफिसच्या ग्रुपवर आलंय, थांब, फॉरवर्ड करते. आणि ऐक ना, लिहिणारा एकदम तुझ्यासारखा आहे. सेम नंबरिंग. प्रत्येक वाक्याला फुलस्टॉप. सो क्यूट!"

माझाच मजकूर साडेआठशे किलोमीटरवर जाऊन परत माझ्याकडे आला. वाटेत कोणीतरी वर 'दिल्लीतील खात्रीलायक सूत्रांकडून' असं लिहिलं होतं. माझं नाव गळलं होतं. काय वाटलं सांगू? थोडं वाईट वाटलं.

अकराला मी वही, पेन, लाल पेन आणि पाण्याची बाटली घेऊन टीव्हीसमोर बसले. अर्थमंत्री उभ्या राहिल्या आणि फोन वाजला. काका बोहरी आळीतल्या एका दुकानातून बोलत होते.

"छत्री किती काड्यांची घेऊ?"

"काका, तुम्ही खरंच गेलात?"

"दुकानदार माळ्यावर चढलाय शोधायला. फेब्रुवारीत कोण मागतं म्हणतोय. मी कारण सांगितलं नाही त्याला, नाहीतर भाव वाढवेल. तुमच्यासाठी घेऊन ठेवू का दोन?"

"नको. काका, टीव्ही बघा, भाषण सुरू झालंय."

"इथे टीव्ही कुठला? तुम्ही ऐका आणि मला सांगा. मी धरतो फोन."

त्यांनी खरोखर धरला. मी भाषण ऐकायचं आणि काकांना सांगायचं, काकांनी माळ्याकडे तोंड करून दुकानदाराला सांगायचं, असं दहा मिनिटं चाललं. मग दोन शेजारणी आल्या आणि एक जण नुसता 'अभिनंदन' म्हणून गेला. भाषण संपलं तेव्हा माझ्या अकरा मुद्द्यांपैकी चार जवळपास खरे निघाले होते, तीन साफ खोटे आणि चारांच्या वेळी मी काकांशी बोलत होते. दुपारी सरकारी संकेतस्थळावर मूळ भाषण वाचून तेही तपासले. छत्र्यांचा उल्लेख नव्हता. रोपवाटिकांचाही नव्हता.

सव्वादोनला स्कूटर लावून कॉलेजच्या दिशेने चालू लागले आणि उजव्या चपलेचा अंगठा तुटला. पर्समध्ये मी कागदाला लावायचे काळे चिमटे ठेवते. एक चिमटा खालून लावला. चप्पल टिकली, पण प्रत्येक दुसऱ्या पावलाला खट् असा आवाज. त्या दिवशी कॉलेजचे तीन मजले मी घड्याळासारखी चढले.

वर्गात माझ्या शेजारी एक मुलगी बसते. लोणी काळभोरहून बसने येते, घरची शेती आहे. मी बसायच्या आतच ती म्हणाली, "काकू, आमच्याकडं आज सण हाय सण! सरकारनं रोपवाटिकेला सवलत दिली. आज्जा सकाळपासून पेढे वाटत सुटलाय. म्हणतो, एवढी वर्षं बजेट ऐकतोय, पहिल्यांदा कुणीतरी आपलं नाव घेतलं. मी माझी आठ मिनिटं त्याच्यावरच बोलणार."

"भाषण ऐकलंस का तू?" मी विचारलं.

"बसमध्ये होते ना. पण आज्जाकडं लेखी आलंय."

मी काही बोलणार तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी टेबलावर मोबाईल ठेवला, त्याच्याकडे झुरळाकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाल्या, "सकाळपासून एक फॉरवर्ड फिरतोय. छत्र्यांचा. माझ्या सासऱ्यांनी मला तो चार वेळा पाठवलाय. त्यातलं एकही वाक्य ज्याच्या तोंडून येईल, त्याला शून्य. मी पाठ केलाय तो."

पहिलाच क्रमांक माझ्या शेजारणीचा होता. मी तिचा कुडता ओढला, पण ती उठली होती. सहावा मुद्दा तिने म्हटला, शब्दन् शब्द माझा.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "शून्य."

"पण मॅडम, लेखी..."

"कोणाचं लेखी? स्रोत काय?"

तिला स्रोत माहीत नव्हता. स्रोत तिच्या शेजारी चपलेला चिमटा लावून बसला होता. ती येऊन बसली आणि वहीत तोंड घालून हळूच म्हणाली, "काकू, आमचं तेवढंच होतं त्याच्यात."

माझी पाळी चौथी होती. खरं सांगायचं तर मधल्या दोघांची भाषणं मी ऐकलीच नाहीत. मला सुटका होती. माझ्याकडे दुरुस्त केलेला कागद होता. चार खऱ्या मुद्द्यांचे शब्द बदलले, की मॅडमना संशय येण्याचं कारण नव्हतं. मी पेन काढून बदलायला सुरुवातही केली. 'दिलासा देण्यात आला'चं 'थोडा आधार मिळाला' केलं. मग शेजारी नाक ओढल्याचा आवाज आला आणि मी पेनाला टोपण लावलं.

खट्, खट् करत पुढे गेले. "मॅडम, तो फॉरवर्ड माझा आहे."

"तुम्हालाही आला?"

"मी लिहिला."

मॅडमनी चष्मा काढला. "कधी?"

"काल."

"भाषणाच्या आधी?"

"मी सगळं आधीच लिहून ठेवते, झालं म्हणून. मग वेळेवर होतं."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "काकू, माझा रिझल्टपण लिहून ठेवा ना!" आणि वर्ग फुटला. मॅडमनी हात वर केला. मी मोबाईल पुढे केला. मजकूर पुसलेला असला, तरी त्याची वेळ दिसत होती, आठ बावन्न, आणि खाली माझा खुलासा होता. हाताने लिहिलेला आदल्या दिवशीचा कागदही दाखवला. त्यांनी दोन्ही वाचलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

"तुमच्या आठ मिनिटांतली दीड गेली, ताई."

त्या क्षणी मला कळलं, की माझ्याकडे बोलायला काहीच नाही आणि भरपूर आहे. मी अर्थसंकल्पावर बोललेच नाही. माझ्या अंदाजावर बोलले. प्रत्येक मुद्दा मी का लिहिला, कोणी त्यावर विश्वास ठेवला, विश्वास ठेवून काय केलं आणि अकरा वाजता काय निघालं. ज्येष्ठांचा मुद्दा आणि तीन मजले न थांबता चढलेले काका. भाव वाढतील म्हणून काकांनी फेब्रुवारीत माळ्यावर चढवलेला दुकानदार, म्हणजे सरकारने काही न करता छत्र्यांना मागणी आली. वर्ग हसून हसून बाकांवर आपटत होता आणि मला इतका चेव चढला, की मी फळ्यावर आलेखही काढला. आलेखाच्या आडव्या अक्षावर वेळ होती आणि उभ्या अक्षावर काकांची खात्री.

सहाव्या मुद्द्याशी आवाज जरा खाली आला. "हे मी रस्त्यावरून जाताना दिसलं म्हणून लिहिलं," मी म्हणाले. "अर्ध्या मिनिटात. लोणीत एका माणसाने त्यावर पेढे वाटले. खऱ्या भाषणात त्यांचं नाव नाही. हिचं शून्य माझं आहे, ते मला द्या."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "छत्र्याच का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"ज्या महिन्यात लागत नाहीत, त्या महिन्यात महाग झालेल्या बऱ्या."

तेव्हा त्या हसल्या. मला वाटतं, दुपारपासून त्यांना तेच विचारायचं होतं. "सतरा. तीन कापले, कारण स्रोत म्हणून 'मी' चालत नाही." मग त्या माझ्या शेजारणीकडे वळल्या. "तू उठ. दोन मिनिटं. आज्जांचं जे झालं तेच सांग, पण अर्थशास्त्रात सांग."

ती उभी राहिली. विचार केला. म्हणाली, "मॅडम, नऊपासून अकरापर्यंत आमची रोपं महाग होती. आज्जानं दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं, म्हणाला, आता भाव येणार हाय. रोप तेच, माती तीच, पाणी तेच. नुसतं कुणीतरी बोललं म्हणून महाग. मग भाषण झालं आणि स्वस्त झाली. अजून कुणी त्याला सांगितलं नसंल, तर आमच्या घरात अजून महागच असतील."

"हे पुस्तकात दोन प्रकरणं घेतं," मॅडम म्हणाल्या. "चौदा."

उरलेल्यांचं संपेपर्यंत पावणेपाच झाले. मॅडमनी सगळ्यांच्या अर्जांवर सह्या केल्या, आमच्या दोघींच्या सगळ्यात शेवटी. माझा अर्ज देताना त्या थांबल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, सासऱ्यांना तुम्ही फोन करून सांगाल का? माझं ऐकत नाहीत."

मी हो म्हणाले आणि आम्ही दोघी जिन्याकडे पळालो. दुसऱ्या मजल्यावर चिमटा सुटला. मी चप्पल हातात घेतली. ती म्हणाली, "काकू, दुसरी पण काढा, पडाल," म्हणून दुसरीही काढली. अनवाणी, हातात चपला आणि दातांत अर्ज धरून मी ऑफिसच्या खिडकीशी पोहोचले, तेव्हा आतले गृहस्थ खिडकी ओढत होते.

"उद्या या."

"आज शेवटचा दिवस आहे."

"ठाऊक आहे. ती पाटी मीच लिहिलीय."

"पाच वाजायला सहा मिनिटं आहेत."

"ती खिडकी बंद करायला लागतात. घाई केली की अडकते."

"दोनच अर्ज आहेत हो, काका," मुलगी म्हणाली.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग चपलांकडे. मग अर्जावरच्या दातांच्या खुणेकडे. "जुना अभ्यासक्रम," ते वाचत म्हणाले. "अजून उरलंय का कोणी?"

"मी आहे."

"दिसतंय." त्यांनी प्रत्येक रकान्यावर बोट फिरवलं, इतकं सावकाश, की माझे कान गरम झाले. सही पाहिली. तारीख पाहिली. शिक्क्याची पेटी उघडली, ती कोरडी निघाली, तिच्यात दोन थेंब शाई टाकली, वाट पाहिली आणि शिक्का मारला. मग मुलीच्या अर्जावर मारला. पावत्या फाडून पुढे सरकवल्या.

मला हसू आवरेना. ती पण हसायला लागली. खिडकीच्या कडेला धरून आम्ही दोघी हसत होतो, कारण काहीच नव्हतं आणि गृहस्थ आमच्याकडे अत्यंत नापसंतीने पाहत होते.

"परीक्षेचं वेळापत्रक बाहेर लागेल," ते म्हणाले. "उशीर करू नका."

"मी नेहमी अर्धा तास आधी येते," मी डोळे पुसत म्हणाले.

"तेही नको," ते म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. "दार उघडलेलं नसतं."